आत्या, त्या तडजोडीवर माझी सही नाय

आत्या, काल तुझी केस मिटली.

मामा, भाऊजी आन तुझा संतोष, तिघं बाप-लेक सकाळीच इस्त्रीचे कपडे घालून नाशिकला कोर्टात गेले, लोकअदालत व्हती, आन दुपारी परत आले तर भाऊजींच्या हातात पेढ्यांचा पुडा. पेढे, आत्या! तुला जाऊन अजून धड महिना झाला नाय. मी दारात उभी, माझी आरू काखेत, हाताला पीठ, आन भाऊजी म्हनतात, "घे गं, देवापुढं ठेव, सुटलो एकदाचे." मी म्हनलं, "कोन सुटलं?" तर हसले. त्यांना वाटलं मी गंमत केली. मी तो पुडा देवापुढं ठेवला नाय, ओट्यावर आदळला. वाटलं, लागूदे मुंग्या, सडूदे तिथंच. पन घरात भाऊजींची पोरं हायेत, संध्याकाळपर्यंत नुसता कागद ऱ्हायला.

मला लय राग आलाय. त्या तिघांचा आलाय, त्या काचेच्या दवाखान्याचा आलाय, कावळ्याचा आलाय आन तुझापन आलाय, तुझा तर सगळ्यात जास्त. आन भीती पन तेवढीच वाटती. आपलं भांडन अर्धं ठेवून तू गेलीस. आरूला सुई टोचायची का नाय टोचायची, या एकाच गोष्टीवरून आपन दोघी शेवटपर्यंत भांडलो, आन तू शेवटचा शब्द न बोलताच डोळे मिटले. आता मी कोनासंग भांडू? आज मी जे केलं ते तुला सांगायचंच हाय, पन आधी भांडते, मंग सांगते. मधी बोलू नको.

तो तडजोडीचा कागद मी संतोषला वाचून दाखवायला लावला. तो म्हने, "तुला काय करायचं?" मी म्हनलं, "वाच." मंग त्यानं वाचला, अडखळत, जशी शाळेत कविता वाचायचा तशी. वर तुझं नाव आन त्याच्यापुढं 'मयत'. खाली लिहिलंय की दवाखान्याने कोणतीही चूक मान्य न करता, केवळ माणुसकीच्या भावनेतून ही रक्कम दिली आहे. माणुसकी! आन त्याच्याखाली असं की सही करणारे या गोष्टीबद्दल इथून पुढे कुठेही बोलणार नाहीत, लिहिणार नाहीत, तक्रार करणार नाहीत. मामांची सही, भाऊजींची सही, संतोषची सही. माझी नाय. मी विचारलं, "माझी का नाय घेतली?" तर म्हनला, "वकील म्हनले, सून वारस नसती, तिची सही लागत नाय."

बघ आत्या. तुझ्या खाटेखालचं भांडं उचलायला वारस लागत नाय. तुला कुशीवर वळवायला, पाठीला पावडर लावायला, तुझे केस विंचरायला वारस लागत नाय. कोर्टात तेवढा लागतो.

पन बरं झालं. ज्यांनी सह्या केल्या त्यांनी तोंड शिवून घेतलं. माझी सही कोनी मागितली नाय, म्हनून मी बोलनार.

त्या साथीच्या वर्षी मी या घरात नवीन व्हते. नवीन म्हनजे काय, तू माझ्या बापाची सख्खी बहीन, लहानपनापासून सुट्टीला तुझ्याकडंच यायची, संतोषसंग पेरूवरून मारामाऱ्या केलेल्या, आन लग्न झाल्यावर सगळे म्हनाले आता आत्या म्हनायचं नाय, आई म्हनायचं, तुमी म्हनायचं. पाहुन्यांपुढं मी 'अहो आई' म्हनायची आन तू हसू दाबायची. पाहुने गेले की म्हनायचीस, "अहो आईले चहा कर आते." आपन दोघी नामपूरच्या, दोघीच असलो की आपली बोली सुटायची, तिघा बाप्यांना काय कळायचं नाय आन त्यांचा जळफळाट व्हायचा.

तर मामा तुला काचेच्या दवाखान्यात घेऊन गेले, तिथं लसीचा कॅम्प व्हता. तू जाताना नवं लुगडं नेसलीस, मला म्हनलीस, "काच हाय तिकडं सगळी, आपलं तोंड दिसतं, नीट जायला पाह्यजे." आदल्या आठवड्यात तुला चांगला ताप येऊन गेला व्हता. तिथं कोनी विचारलं नाय. ताप आला व्हता का, काय त्रास हाय का, काय नाय. रांग मोठी म्हनून टोचलं की मागच्या दारानं बाहेर. बसापन नाय म्हनले. तूच आल्यावर सांगितलंस, "बकऱ्या दाराबाहेर काढतात तसं काढलं."

मंग पायाला मुंग्या. मंग टाचा जड. तीनदा गेलीस तू त्याच दवाखान्यात आन तीनदा परत पाठवलं. पहिल्यांदा म्हनले वय झालं, दुसऱ्यांदा म्हनले गॅस, तिसऱ्यांदा तर डॉक्टर आलाच नाय, काउंटरवरच्या पोरीनंच गोळ्या दिल्या. आन मंग ती सकाळ, आपन झेंडू तोडत व्हतो, तू दोन सऱ्यांच्या मधी खाली बसलीस. मी म्हनलं, "काय गं?" तू म्हनलीस, "बैठनू जराशी, थकनू." मी पुढं गेले. परत वळले तर तू तशीच. टोपली अर्धी. मी हात दिला तर तू माझा हात धरून हसलीस, आन ते हसू बघून मला कळलं की तुला उठताच येत नाय, आन तुला ते सांगायची लाज वाटती.

नंतर मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा तो बारीक अंगाचा डॉक्टर म्हनला, नसांचा आजार हाय. मामांनी विचारलं लसीनं झालं का. तो म्हनला, "लशीनंतर असं क्वचित एखाद्याला होतं. पण नुसत्या तापानंतर होतं, जुलाबानंतरही होतं. तुम्हाला कशानं झालं ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. लवकर आला असता तर पाय वाचले असते, एवढं मात्र सांगतो." तू खाटेवरून म्हनलीस, "क्वचित एखाद्याले म्हंजी मालेच का?" मला तो आवडला व्हता, आत्या. तुला नाय आवडला. पन खरं त्यानंच सांगितलं, बाकी सगळ्यांनी ज्याला जे पाह्यजे ते सांगितलं. गावातले म्हनले लसच खराब. दवाखान्याचा वकील म्हनला लशीचा काय संबंधच नाय, बाई आधीपासून आजारी व्हती. आपला वकील म्हनला शंभर टक्के लसच. मला काय माहीत नाय. खरंच माहीत नाय. मला एवढंच माहीत हाय की तीनदा दारातून परत पाठवलं.

आन तुलापन तेवढंच पाह्यजे व्हतं. आठवतं का, आपला वकील घरी आला व्हता तुझा जबाब लिहायला, खुर्ची ओढून बसला आन म्हनला, "काकू, नुकसानभरपाईचा आकडा सांगा."

तू म्हनलीस, "आकडा काय सांगू? मटका लावायचा हाय का?"

तो हसला, म्हनला, "काकू, काहीतरी मागावं लागेल ना."

"मंग लिव्ह. तो डॉक्टर इथं आला पाह्यजे. या खाटंवर बसला पाह्यजे. आन त्यानं म्हनलं पाह्यजे की बाई, तुमाला तीनदा परत पाठवलं ते आमचं चुकलं. चहा मी पाजते."

"काकू, कोर्टात असं मागता येत नाही."

"मंग तुझं कोर्ट काय कामाचं?"

त्याला घाम फुटला, मामा त्याला बाहेर घेऊन गेले, आन बाहेर दोघांनी मिळून काय आकडा ठरवला तो तुला कोनी सांगितलापन नाय. वर्षानुवर्षं तारखा पडल्या. तू दर तारखेला संध्याकाळी विचारायचीस, "आला व्हता का तो?" डॉक्टरला विचारायचीस, पैशाला नाय. आन काल ती केस मिटली, आन तो आलाच नाय, आत्या. त्यानं त्याचा वकील पाठवला. संतोष म्हनतो लय चांगला मानूस व्हता तो वकील, पानी विचारलं त्यानं आमाला.

आता माझं आन तुझं.

आरू झाली तेव्हा मी माहेरी नामपूरला व्हते, पहिले डोस तिथंच सरकारी दवाखान्यात झाले. मी कशाला लपवू, मला वाटलंच नाय काय लपवायचं हाय. परत आले आन तू तिच्या मांडीवरचा सुईचा डाग बघितलास. मंग तू माझ्याशी बोलली नाय. किती दिवस बोलली नाय ते मी मोजलं नाय, पन घर खायला उठायचं. हार ओवायचीस, गुंडाळून ठेवायचीस, माझ्याकडं बघायची नाय. मी ओवलेला हार तेवढा हातात घेऊन मामांना म्हनायचीस, "हा शेळीनं ओवला का?"

आन मंग एक दिवस आशाताई आली, म्हनली पुढचा डोस राह्यलाय. तू आतून ऐकलं. तू हातातला झेंडू फेकून मारलास तिला, नेम चुकला, माझ्या कानाला लागला. आन ओरडलीस, "मनी नातले हात लावशी ना, तं मी उठसू!"

उठसू. उठीन म्हनलीस.

तुझं तुलाच ऐकू आलं व्हतं. ते तुझं तोंड मी विसरनार नाय. मी आशाताईला म्हनलं, नंतर या. त्या दिवशी मी तिला परत पाठवलं ते तुझ्यासाठी, आरूसाठी नाय. आन ते 'नंतर' पुढं सरकत गेलं.

मी तुला लय समजावलं. मी म्हनलं, आत्या, तुझी केस सुईवर नाय, परत पाठवलं त्याच्यावर हाय, तूच म्हनतीस ना? तू म्हनायचीस, "तू माले शिकाडू नको." मी म्हनलं, आपल्या सगळ्यांना लहानपनी टोचलंय, तुझ्या दोन्ही पोरांना तूच घेऊन गेलीस ना? तू म्हनायचीस, "तवा माले माहीत नव्हतं." मी म्हनलं, आता काय माहीत झालं? तू पायाकडं बोट करायचीस. त्याच्यावर मी काय बोलू? त्या पायांपुढं माझं सगळं बोलनं संपायचं. तुला ते माहीत व्हतं. तू लय चलाख व्हतीस, आत्या. तू दर वेळेस तेच करायचीस, तो तुझा अन्याव व्हता माझ्यावर, आज सांगते.

आन तेच पाय. त्याच पायांवर तू माझ्या पोरीला न्हाऊ घातलंस. मला येत नव्हतं, मला भ्याव वाटायचं, मान लटकायची तिची. तू म्हनलीस, आन इकडं. खाटेवर भिंतीला टेकून बसलीस, दोन्ही पाय पुढं लांब करून घेतलेस, हातानं, एक एक उचलून, आन त्याच्यावर तिला पालथी टाकून तेल चोळलंस. म्हनलीस, "हालत नाय ते बरंच हाय, पोर घसरत नाय." आन इतकी हसलीस, इतकी हसलीस की मला रडू आलं आन तू म्हनलीस, "कसाले रडस येडे, पानी तापाड." ती आजपन पाठीवर कोनी हात फिरवला की तुझ्याकडं बघावं तसं वर बघती. आता वर कोनी नसतं.

म्हनून मला राग येतो. ज्या हातानं तिला एवढी घट्ट केलीस त्याच हातानं आशाताईला दारातून हाकललंस. कोनती तू खरी?

मंग थंडीत तुझी छाती भरली, आन दोन दिवस दम लागला, आन गेलीस. तेवढंच. बाकीचं मी लिहीत नाय, ते सगळ्यांचं सारखंच असतं.

दहाव्याला रामकुंडावर मी बायांच्यात मागं उभी व्हते. आरू माझ्याकडं. ऊन चढलेलं, गुरुजींना घाई, आमच्या मागं अजून दोन-तीन घरं थांबलेली. तुझा पिंड ठेवला आन सगळे लांब झाले. कावळे व्हते, नव्हते असं नाय, चार-पाच त्या तारेवर बसलेले, पन एकपन खाली येईना. लोक कुजबुजायला लागले, जीव अडकला म्हने बाईचा कशात तरी.

मामा हात जोडून म्हनले, "आमी नीट ऱ्हाऊ, तू काळजी करू नको." कावळा हलला नाय. भाऊजी पुढं झाले, मोठ्यानं म्हनले, सगळ्यांना ऐकू गेलं पाह्यजे असं म्हनले, "आई, तुझी केस सोडनार नाय, हायकोर्टात जाऊ, त्या दवाखान्याला गुडघ्यावर आनू!" कावळा मान वाकडी करून बसलेला. माझ्या मनात आलं, डॉक्टरचं बोला रे कोनीतरी, ती डॉक्टरची वाट बघत व्हती, तो येईल म्हना. पन बायांनी तिथं कुठं बोलायचं. गुरुजी म्हनले, "दर्भाचा कावळा करून लावून टाकू का?" मामा म्हनले, "नको, लोक काय म्हनतील." मंग कोनीतरी म्हातारं म्हनलं, नातीचं सांगा, नातीत जीव व्हता तिचा. आन तुझा संतोष पुढं गेला, डोळे पुसत, आन म्हनला, "आई, आरूला सुई लावनार नाय. शब्द देतो."

आन कावळा आला. एकच आला, तारेवरून सरळ खाली, चोच घातली.

सगळ्यांनी सुस्कारा टाकला. बाया रडल्या. एक तर मला म्हनली, "बघ, सासू कशी गुंतली व्हती तुझ्या पोरीत."

मी काय बघितलं ते सांगू? पलीकडच्या घराचं उरकलं व्हतं, त्यांची गर्दी त्याच वेळेस उठली, आन त्यांच्यातल्या एकानं हातातली उरलेली शेव तुझ्या पिंडाच्या बाजूला टाकली. कावळा आधी तिकडंच निघाला व्हता. मी बघितलं. पन खरं सांगते आत्या, मी शपथ नाय घेनार. माझ्या डोळ्यात पानी व्हतं, आरू केस ओढत व्हती. तो कावळा तू असशीलपन. मला अजून माहीत नाय. सगळी भीती तीच हाय माझी.

आन मंग काल पेढे. मी रात्रीपर्यंत थांबलेच नाय, पेढ्याचा पुडा आदळला तेव्हाच तोंड उघडलं. मी म्हनलं, "रामकुंडावर शब्द दिला व्हता ना? हायकोर्टात जानार व्हते ना?"

भाऊजी काय म्हनले माहीत हाय का? आत्या, तू बसून घे, का तू निजलेलीच हायेस, निज, पन ऐक. म्हनले, "तो शब्द दिला तेव्हा कावळा कुठं शिवला?"

मी म्हनलं, "म्हनजे?"

"म्हनजे आईला केस नकोच व्हती. तिचा जीव केसमधी नव्हताच. तिचा जीव नातीत व्हता, तो शब्द दिला आन शिवला. सगळ्या गावानं बघितलं. केस मिटवली ती आईच्या मर्जीनंच मिटवली."

मामा मान हलवत व्हते. संतोष चपलेच्या अंगठ्याकडं बघत व्हता.

म्हनजे कावळ्याला त्यांनी साक्षीदार केलं. ज्या शब्दाला मेहनत लागनार व्हती, वकील लागनार व्हता, भांडावं लागनार व्हतं, तो शब्द कावळ्यानं फेटाळला. आन ज्याला घरातल्या एकापन गड्याला काय करावं लागत नाय, नुसतं माझ्या पोरीला काय करायचं नाय, तो तेवढा तुझा. तुझा शब्द कोर्टात विकून आले आन माझ्या पोरीवर ठेवून मोकळे झाले. आन तुझ्या नावावर! तू वर्षानुवर्षं विचारलंस, आला व्हता का तो, हे एकाला आठवलं नाय. मी आठवून दिलं तर मामा म्हनले, "तू लहान हायेस, तुला कळत नाय, मेलेल्याचं मन असं बोलतं." मामा, तिचं जितं मन बोलत व्हतं तेव्हा तुमी वकिलाला बाहेर घेऊन गेले! हे मी मनात म्हनलं. तोंडावर नाय म्हनलं. तोंडावर मी म्हनलं, "पलीकडच्या वस्तीवर गोवर आलाय, दोन लेकरं दवाखान्यात हायेत." भाऊजी म्हनले, "देवी येती आन जाती." ते खरंय, भाऊजींची पोरं मोठी हायेत, टोचलेली हायेत. तूच टोचून आनलेली.

आज मंगळवार. अंगनवाडीत सिस्टर येती.

तिघं फुलं घेऊन बाजारात गेले आन मी आरूला उचललं. काय घेतलं नाय, नुसतं दुपटं. वाटेत मी इतकी घाबरले व्हते की मला दोनदा खाली बसावं लागलं. मला वाटत व्हतं मागनं तू येतीस. आत्या, खरंच. चालत.

सिस्टरनं विचारलं, "ताप होता का मागच्या आठवड्यात? कधी फिट आली का? आधीच्या डोसला काही त्रास?" मी आरूचं दुपटं मुठीत आवळलं. तिला वाटलं मी घाबरले. मी घाबरले नव्हते तेव्हा, मला राग आला व्हता. एवढं विचारायला किती वेळ लागला, आत्या? चुलीवर दूध उतू जायला लागतो तेवढापन नाय. तुला का नाय विचारलं? रांग व्हती तर रांग थांबली असती. ही अंगनवाडीतली बाई, पत्र्याखाली, हातात थंड डबा, ही विचारती, आन तिकडं काचा लावल्यात.

मंग मी तिला सगळं सांगितलं, तुझं. सगळं, तीनदा परत पाठवलं ते पन. ती ऐकत ऱ्हायली. ती असं नाय म्हनली की तुमच्या सासूला लशीनं काय झालं नाय. ती म्हनली, "तुमची भीती खोटी नाही. पण गोवर मी बघितलाय, वस्तीवर कालच बघून आले. मी तरी लावून घेतलं असतं." आन म्हनली, "ठरवा तुम्ही." मला आजपर्यंत कोनी असं म्हनलं नव्हतं, ठरवा तुमी.

मी आरूला घट्ट धरलं. राह्यलेले डोस दोन्ही मांड्यांना आन गोवरचा दंडाला. ती एवढी रडली की निळी पडली, आन मीपन.

सिस्टर म्हनली अर्धा तास इथंच बसा. आन तेवढ्यात दारात संतोष. कोनी सांगितलं माहीत नाय, फुलं अर्धी टाकून आला व्हता, शर्टाला झेंडूच्या पाकळ्या. म्हनला, "मी आईला शब्द दिला व्हता."

मी म्हनलं, "तू दिला. मी नाय."

"आई रागावंल."

"रागवूदे. माझ्यावर रागवूदे. मला सवय हाय."

मला वाटलं आता हा पोरीला ओढून नेनार, का हात उचलनार. तो तिथं पोरांच्या त्या बारक्या लाल खुर्चीवर बसायला गेला, त्यात मावेना, मंग खालीच बसला फरशीवर. आन रडला. म्हनला, "मला तेव्हा काय सुचंना. कावळा येत नव्हता. मला वाटलं ती तिथंच अडकून ऱ्हाईल, उन्हात." आत्या, तुझा पोरगा काय वाईट नाय. घाबरट हाय. आमी दोघंपन घाबरट हाओत. अर्धा तास आमी तिघं फरशीवर बसलो आन तो दर थोड्या वेळानं आरूच्या तळपायाला गुदगुल्या करत व्हता, ती पाय वडून घेती का बघायला. वडून घेत व्हती. प्रत्येक वेळेस घेत व्हती. सिस्टर म्हनली, पुरे आता, झोपूद्या तिला.

घरी काय झालं ते सांगत नाय. मामा जेवले नाय. भाऊजी म्हनले, घरात बाईचं राज्य आलं. म्हनूदे.

तर झालं. केलं मी. आन ऐक, तो कावळा म्हनजे तू असशील, अगदी तूच असशील, तुझ्या नाकासकट, तरी मी हेच केलं असतं. तू जित्ती असतीस, खाटेवर असतीस, 'उठसू' म्हनली असतीस, तरी आज मी गेले असते. नसते गेले का? नसते गेले. तुझ्या पायांपुढं परत गप बसले असते. तू गेलीस म्हनून गेले. हे सगळ्यात वाईट हाय, आत्या, हेच सगळ्यात वाईट हाय, की हे करायला मला तू मरावी लागलीस, आन ज्या दिवशी केलं त्या दिवशी पहिल्यांदा घरी येऊन तुलाच सांगावं वाटलं.

आता संध्याकाळ हाय. आरूला ताप आलाय. सिस्टर म्हनली व्हती येईल, एक-दोन दिवस ऱ्हाईल, थेंब दिलेत ते पाजले, परत फोन करून विचारलं, ती म्हनली ठीक हाय. संतोष ओल्या फडक्यानं कपाळ पुसतोय. मला सगळं सांगितलेलं हाय, सगळं समजतं, तरी माझं काळीज ठिकान्यावर नाय. तू असतीस तर आतून ओरडली असतीस, सांगितलं व्हतं का नाय तुले, आन मी इथून ओरडले असते, गप बस, उतरंल, आन तू म्हनली असतीस, आन तिले इकडं, मना पायावर टाक.

म्हन ना. ओरड. शिव्या दे मला. या घरात माझ्यासंग भांडेल असं कोन ऱ्हायलंय दुसरं?